सदतीस हजारांचा आकडा आणि महिनाअखेरची शिल्लक

वाचकाचे पत्र : माझे वय २९ वर्षे. बी.कॉम. झाल्यापासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेलच्या कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रे पाहते. येथे मला चार वर्षे चार महिने झाले असून पगार २०,५०० रुपये आहे. मालक वाईट नाहीत, पण वाढीचा विषय काढला की ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात, आणि मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा तेथे त्यांचे पुतणे बसले. आता पुण्यातील एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था पाहणाऱ्या, कंपनीने मला महिना ३७,००० रुपये देऊ केले आहेत आणि त्यांना दहा दिवसांत उत्तर हवे आहे. वडील यंत्रमागावर होते, दम्यामुळे आता घरीच असतात. आई विड्या वळते, धाकटा भाऊ पॉलिटेक्निकला आहे. वडील म्हणतात, ‘हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नकोस.’ मैत्रीण म्हणते, ऐंशी टक्के वाढ कुणी सोडतं का? कारखान्यातील एक सहकारी म्हणतो, नोकरी सोडताना मिळायची ग्रॅच्युइटीची रक्कम नव्या कायद्याने एका वर्षातच मिळते, तेव्हा काही बुडणार नाही. मी काय करावे? — एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही चालू पगारपत्रक, ऑफर लेटरची प्रत आणि पुण्याच्या खर्चाचा स्वतः मांडलेला अंदाज पाठवलात, हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या तीन कागदांतच आहे. ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर ३७,००० हा आकडा ठळक छापलेला आहे, पण त्याचे तुकडे मागच्या पानावर आहेत आणि बहुतेक लोक तेथपर्यंत जात नाहीत. वर्षाचे ४,४४,००० रुपये ही कंपनीला तुमच्यापायी येणाऱ्या एकूण खर्चाची, म्हणजे सीटीसीची रक्कम आहे. त्यात ४४,४०० रुपये कामगिरीवर अवलंबून असलेले आहेत, २१,६०० रुपये कंपनीने तुमच्या भविष्यनिर्वाह निधीत भरायचे आहेत, सुमारे १०,४०० रुपये ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून दाखवले आहेत आणि ९,६०० रुपये आरोग्य विम्याच्या हप्त्याचे आहेत. हे सारे वजा केले की वर्षाला ३,५८,००० रुपये, म्हणजे महिन्याला २९,८३३ रुपये उरतात. त्यातून तुमच्या वाट्याचा निधी १,८०० रुपये आणि व्यवसायकर २०० रुपये जाईल. महाराष्ट्रात महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर व्यवसायकर नसल्यामुळे तुमच्या आजच्या पगारपत्रकात तो दिसत नाही, नव्या पगारात मात्र तो दरमहा लागेल आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जाईल. तेव्हा हातात येणार आहेत ते साधारण २७,८३३ रुपये.

आजचे २०,५०० रुपये आणि उद्याचे ३७,००० रुपये एकाच मापाने मोजलेले नाहीत, हे येथे लक्षात घ्या. आजच्या आकड्यात मालक तुमच्यासाठी भरत असलेला निधी, ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, वाटा आणि ग्रॅच्युइटी धरलेली नाही. ती धरली तर तुमची सध्याची नोकरी त्याच मापाने सुमारे २३,५०० रुपयांची ठरते. मैत्रिणीने काढलेली ऐंशी टक्के वाढ ही दोन वेगळ्या मापांची तुलना आहे. हातात येणाऱ्या पैशांची तुलना केली तर निधी आणि ईएसआयची कपात जाऊन आज मिळणाऱ्या १८,६६६ रुपयांवरून २७,८३३ रुपये, म्हणजे ९,१६७ रुपयांची वाढ होते. ती लहान नाही, पण पुण्यात राहण्याचा खर्च त्यातूनच निघायचा आहे. तुमच्याच अंदाजानुसार दोन वेळच्या जेवणासह खोलीचे ८,५००, शहरातल्या शहरात येण्याजाण्याचे १,५००, सुट्टीच्या दिवशीचे जेवण आणि किरकोळ मिळून १,००० आणि महिन्यातून दोनदा घरी येण्याजाण्याचे १,००० असे १२,००० रुपये लागतील, आणि मला हा अंदाज थोडा हात राखूनच केलेला वाटतो. २७,८३३ मधून १२,००० गेले की १५,८३३ उरतात. सोलापुरात स्कूटीच्या पेट्रोलचे १,५०० वजा जाता तुमच्याकडे आज १७,१६६ रुपये उरतात, आणि त्यातूनच तुम्ही आईच्या हाती घरखर्चाचे पैसे ठेवता.

म्हणजे नव्या नोकरीत, कामगिरीचा भाग मिळेपर्यंत, तुमच्यापाशी दरमहा आजच्यापेक्षा १,३३३ रुपये कमी राहतील. कामगिरीची रक्कम पूर्ण मिळाली तर महिन्याला ३,७०० रुपयांची भर पडून पारडे तुमच्या बाजूला झुकेल, पण ती रक्कम कोणत्या निकषावर, कधी, आणि वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास मिळते की नाही, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. हा हिशेब तुम्हाला नाउमेद करण्यासाठी मांडलेला नाही. पगाराच्या नावाखाली घेतला जाणारा निर्णय मुळात पगाराचा नाहीच, हे तुम्हाला उत्तर देण्यापूर्वी दिसावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

आता घराकडे वळू. ईएसआयची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे आणि तुम्ही तिच्या अगदी काठावर उभ्या आहात. तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना आज त्याच कार्डावर उपचार मिळतात. वडिलांचा पंप आणि औषधे त्यातूनच येतात, असे तुम्ही लिहिले आहे. पुण्याच्या पगारात हे कार्ड राहणार नाही. आधीच्या वर्गणीमुळे सवलत नोकरी सुटल्यानंतरही काही काळ चालू राहते, तेव्हा तुमच्या बाबतीत ती नेमकी कोणत्या महिन्यापर्यंत चालेल, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात पगारपत्रक दाखवून विचारून घ्या. नव्या कंपनीचा सामूहिक विमा फक्त तुमच्यापुरता आहे की आई-वडिलांसह आहे, आणि आधीपासून असलेल्या दम्यासारख्या आजाराला तो पहिल्या दिवसापासून लागू होतो का, हे कंपनीला लेखी विचारलेच पाहिजे. मात्र ईएसआय जाते म्हणून सोलापूर सोडू नका, असे मी म्हणणार नाही. मालकांनी उद्या तुम्हाला २४,००० रुपये दिले तरी वर्गणीचा चालू कालावधी संपल्यावर काही काळाने हे कार्ड जाणारच आहे. तुम्ही कोठेही पुढे सरकलात तरी ही मर्यादा ओलांडली जाईल, तेव्हा वडिलांच्या औषधांची वेगळी तजवीज लावण्याची वेळ आज ना उद्या येणारच आहे.

ग्रॅच्युइटीबद्दल तुमच्या सहकाऱ्याने सांगितलेली गोष्ट अर्धवट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यांत एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीची सोय आली हे खरे, पण ती ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. तुमच्यासारख्या कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांची अट आजही आहे. तुमचे मूळ वेतन १४,००० रुपये आहे. त्याला १५ ने गुणून २६ ने भागले आणि पाच वर्षांनी गुणले की ४०,३८५ रुपये होतात. आठ महिने आधी बाहेर पडलात तर या रकमेवर तुमचा हक्क राहणार नाही. नवी कंपनी आठ महिने थांबणार नाही हे उघड आहे, पण ही रक्कम बुडते आहे असे सांगून रुजू होताना एकरकमी काही देता येईल का, असे विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. कंपन्या अशी भरपाई देतात, मात्र ती मागणाऱ्यालाच मिळते.

वडिलांच्या म्हणण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. तुमचे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, असे तुम्ही पत्रात ओझरते लिहून पुढे गेला आहात, पण मला ते वाक्य ओलांडता आले नाही. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्या घरांचे घड्याळ चालत होते, त्या घरांनी तो भोंगा कायमचा बंद होतानाही अनुभवला आहे. कायम म्हणून धरलेली नोकरी एका सकाळी फाटकावरच्या नोटिशीने संपते, हे ज्यांनी वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिले, ते पुढे यंत्रमागावर उभे राहिले तेव्हा हाती असलेले काम घट्ट धरून ठेवण्याचीच सवय त्यांना लागली. तुमच्या वडिलांची म्हण या अनुभवातून आलेली आहे आणि तिला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याच अनुभवाची दुसरी बाजूही त्यांच्याशी बोलून पाहा. गिरणी गेल्यावर ज्यांच्या हातात कसब होते, ज्यांना माग जोडता येत होता, ताणा भरता येत होता, बिघाड आवाजावरून ओळखता येत होता, ते दुसऱ्या शेडमध्ये कामाला लागले, आणि ज्यांच्याजवळ फक्त हजेरीपटावरचे नाव होते त्यांचे हाल झाले. म्हणून तुमच्यासमोरचा प्रश्न मी असा मांडेन : या दोन जागांपैकी कोणत्या जागी तीन वर्षांनी तुमच्या हातात अधिक कसब असेल?

आज तुमच्याजवळ काय आहे, ते तुम्हीच एका प्रसंगात लिहिले आहे. रात्रीचे नऊ वाजले आहेत, फाटकात कंटेनर उभा आहे, स्टफिंग, म्हणजे माल भरणे, संपत आले आहे, चालक न्हावा शेवा बंदराला निघण्याची घाई करतो आहे, आणि तुम्ही वही घेऊन उभ्या असताना मोजलेली खोकी आणि पॅकिंग लिस्टवरची खोकी यांत सहाचा फरक निघतो. तुम्ही सील लावू दिले नाही, शेवटच्या दोन रांगा उतरवून घेतल्या, हात-टॉवेलची सहा खोकी नहाण्याच्या टॉवेलच्या नावाखाली चढल्याचे शोधून काढले, आणि इन्व्हॉइस दुरुस्त करून मगच गाडी सोडली. हा फरक बंदरावर उघडकीला आला असता तर काय झाले असते, हे मालकांना कळले की नाही मला माहीत नाही, पण तुम्हाला ते कळले होते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बँकेची पैशांची हमी देणारी पतपत्रे, कस्टम्सचे काम करणाऱ्या ब्रोकरशी, म्हणजे सीएचएशी, बोलणे, खरेदीदाराच्या ई-मेलला उत्तर देणे, हे सारे लहान कारखान्यात एकाच माणसाच्या टेबलावर येते. मोठ्या कंपनीत तसे नसते. तेथे एखादी व्यक्ती दिवसभर केवळ बिल ऑफ लेडिंगचे, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचे, मसुदे तपासत बसते आणि तीन वर्षांनी तिला तेवढेच येत असते. तुमच्या ऑफर लेटरमध्ये पदाचे नाव ‘डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह’ आहे, आणि नेमके काम काय हे लिहिलेले नाही. मला सर्वांत मोठी काळजी याचीच वाटते.

पण पुण्याकडे असे एक दार आहे जे कारखान्यात बसून उघडणार नाही. कस्टम्सचे काम करणाऱ्या परवानाधारक ब्रोकरकडे, म्हणजे ज्याला आपण सीएचए म्हणतो त्याच्याकडे, नोकरीत असलेल्या व्यक्तीला सीमाशुल्क विभागाची परीक्षा देऊन जी-कार्ड, म्हणजे ब्रोकरच्या वतीने कस्टम्सचे काम करण्याचे ओळखपत्र, मिळवता येते. २०१८ च्या नियमांप्रमाणे पदवीधराला जी-कार्डवर दोन वर्षांचा अनुभव असेल तर स्वतःच्या परवान्याच्या परीक्षेला बसण्याची पात्रताही येते. तुम्ही पदवीधर आहात. तेव्हा या कंपनीकडे स्वतःचा कस्टम्स ब्रोकरचा परवाना आहे का, असल्यास ती तुम्हाला पहिल्या वर्षात जी-कार्डच्या परीक्षेला बसवतील का, आणि दिघी किंवा तळेगावच्या कंटेनर डेपोवरील प्रत्यक्ष कामात तुम्हाला पाठवतील का, हे विचारा. माझ्या दृष्टीने तुमचा सारा निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

कंपनीला उद्याच ई-मेल लिहा, आणि त्यात जी-कार्ड, आई-वडिलांचा विमा, कामगिरीच्या रकमेचे निकष आणि ग्रॅच्युइटीच्या बदल्यातील रक्कम या गोष्टी विनयाने पण स्पष्टपणे मांडा. कामगिरीच्या ४४,४०० रुपयांपैकी निम्मे ठरलेल्या पगारात घ्यावेत, अशीही विनंती करा. एवढ्याने तुमच्या हातात महिन्याला १,८५० रुपये वाढतील आणि पुण्याचा खर्च जाऊन उरणारी रक्कम १७,६८३ रुपये होईल, म्हणजे घरी पाठवायच्या पैशांत कपात करावी लागणार नाही. भाषेची चिंता करू नका. परदेशी खरेदीदारांना तुम्ही रोज यापेक्षा अवघड पत्रे लिहिता.

मालकांशीही बोलायला हवे, पण ऑफर लेटर टेबलावर ठेवून नव्हे. आपल्याकडचे बहुतेक कारखाने घरचे आहेत, आणि वरच्या खुर्च्या घरातच राहणार, हे त्यांच्या दृष्टीने नैसर्गिक आहे. त्याचा राग धरून उपयोग नाही, मात्र आपल्या शिडीला किती पायऱ्या आहेत हे त्यावरून ओळखता येते. तुम्ही त्यांना असे विचारा की, निर्यातीच्या विभागाची जबाबदारी आणि त्याप्रमाणे पद व पगार मला कोणत्या तारखेपासून मिळू शकेल. उत्तरात तारीख आली आणि ती कागदावर आली, तर त्या उत्तराला वजन द्या. ‘तू तर घरच्यासारखी आहेस’ एवढेच उत्तर आले तर त्यातील माया खरी माना, पण त्याला पगारवाढ समजू नका. आणखी एक गोष्ट याच वेळी स्वतःपुरती तपासून ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा एकाच देशावर अवलंबून असलेल्या निर्यातदारांना त्याचा थेट चटका बसला. तुमच्या कारखान्याचा माल किती देशांना जातो, हे तुमच्याइतके कोणालाच माहीत नसेल, कारण प्रत्येक इन्व्हॉइस तुमच्या हातून जाते. ती यादी एकदा काढून बघा, म्हणजे ‘हातचं’ किती पक्के आहे, हे वडिलांनाही सांगता येईल.

माझे मत विचाराल तर ते असे आहे. कंपनीने जी-कार्डचे लेखी आश्वासन दिले आणि कामगिरीच्या रकमेचा निम्मा भाग ठरलेल्या पगारात घेतला, तर जा. ग्रॅच्युइटीचे ४०,३८५ रुपये बुडले तरी जा, कारण तुमच्या वयात दोन-तीन वर्षांत मिळणारी ती पात्रता या रकमेपेक्षा पुष्कळ मोठी आहे, आणि ती घेऊन सोलापुरात परत येऊन स्वतंत्र काम करण्याची वाटही तुमच्यासाठी मोकळी राहील. या दोन गोष्टी मिळाल्या नाहीत, तर ही नोकरी नम्रपणे नाकारा, आठ महिने येथेच काढून पाच वर्षे पूर्ण करा, आणि त्या काळात परवाना असलेल्या सीएचए कंपन्यांकडेच अर्ज करा. हा नकार म्हणजे संधी गमावणे आहे असे मनात आणू नका. सीलच्या आधी सहा खोकी पकडणाऱ्या व्यक्तीची गरज या व्यवसायात वर्षभर असते.

हा हिशेब वडिलांपुढे मांडताना फोनवरचे आकडे दाखवू नका. दोन कागद घ्या, एकावर सोलापूर आणि एकावर पुणे असे लिहा, आणि रविवारी आईलाही जवळ बसवून प्रत्येक ओळ त्यांच्यासमोर भरा. घरी किती पैसे येतील, औषधांचे काय होईल, सुट्टीला तुम्ही केव्हा याल, याची उत्तरे त्यांना तुमच्या तोंडून हवी आहेत. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापुरातून निघून संध्याकाळी पुण्याहून परत फिरते, हे त्यांना ठाऊक आहेच, पण अडीचशे किलोमीटर हे अंतर आजारी माणसाला रात्री दोन वाजता फार वाटते. तेव्हा अचानक दम वाढला तर वडिलांना दवाखान्यात कोण नेईल, हे भावाशी बोलून आधीच ठरवा.

जायचे ठरले तर शेवटचा भाग कागदपत्रांचा आहे, आणि त्यात मी स्वतः एकदा चूक केलेली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी नोकरी बदलताना मी भविष्यनिर्वाह निधीचे आणि निवृत्तिवेतनाचे सारे पैसे काढून घेतले आणि घराच्या रंगकामात घातले. त्यामुळे आधीच्या सात वर्षांची सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून कायमची गेली. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि तुमची चार वर्षे चार महिने त्यात धरली जातील, मात्र त्यासाठी निधीच्या खात्याचा जुना यूएएन क्रमांकच नव्या कंपनीला देऊन खाते वर्ग करून घ्यावे लागेल. पाच वर्षांच्या आत पैसे काढल्यास त्यावर कराचा प्रश्नही येतो. नव्या कंपनीचे सही केलेले अंतिम पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. राजीनामा ई-मेलने द्या, एक महिन्याची नोटीस पूर्ण करा, आणि खरेदीदारांची माहिती, अर्धवट असलेल्या मालाची कागदपत्रे, बँकेतील प्रलंबित पतपत्रे यांची यादी करून मालकांच्या पुतण्यांना समोर बसवून समजावून सांगा. नव्या वेतनसंहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता व्हायला हवा. त्याच वेळी रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके मागून घ्या, आणि निधीच्या पोर्टलवर तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली आहे का, हे आठवडाभराने स्वतः उघडून पाहा. ती भरली गेली नाही तर खाते वर्ग होताना अडते, आणि मग एका तारखेसाठी तुम्हाला पुण्याहून अक्कलकोट रोडला खेप घालावी लागू शकते.